दोन अर्ध्या पासवर्डांत अडकलेले फाटकावरचे चित्रण

प्रति,
मा. उपनिबंधक, सहकारी संस्था,
वसई, जि. पालघर.

विषय : निशिगंध गृहनिर्माण संस्थेचे अध्यक्ष व सचिव यांना एकाच कीबोर्डसमोर हजर राहण्याचा आदेश तातडीने मिळणेबाबत.
संदर्भ : अर्जदाराचे संस्थेस पत्र, दि. ७ जून (उत्तर नाही).

महोदय,

अर्जदार सौ. क्षितिजा चुरी या एव्हरशाईन सिटीतील वरील संस्थेच्या सभासद आहेत. त्यांचे सासरे रामचंद्र चुरी मूळचे नंदाखालचे बागायतदार. अलीकडे त्यांना काही आठवत नाही. शुक्रवारी घरची माणसे कामावर असताना ते फाटकाबाहेर पडले, ते परतलेच नाहीत. पोलिसांनी फाटकावरील कॅमेऱ्याचे चित्रण मागितले आहे. ते संस्थेच्या संगणकात आहे आणि संगणक उघडत नाही.

एप्रिलमध्ये दुरुस्तीवाले धनेश यांनी संगणकात नवी ऑपरेटिंग सिस्टीम टाकली. तेव्हा पडद्यावर प्रश्न आला, की संपूर्ण डिस्क पासवर्डने कुलूपबंद करायची काय. ऐच्छिक आहे, नको असल्यास पुढे जावे. पुढे जाणे कार्यकारिणीच्या रक्तात नाही. संस्थेच्या तिजोरीची एक चावी अध्यक्षांकडे, दुसरी सचिवांकडे असते. त्याच थोर परंपरेने अर्धा पासवर्ड अध्यक्ष जितेंद्र यांनी टाइप केला, अर्धा सचिव हर्षवर्धन यांनी. एक टाइप करताना दुसरा भिंतीकडे तोंड करून उभा. संकटकाळासाठी संगणकाने 'रिकव्हरी की', म्हणजे पासवर्डाविना कुलूप उघडणारी राखीव किल्ली, देऊ केली होती, तीही ऐच्छिक. ती कोणाकडे ठेवायची यावर एकमत होईना, म्हणून नाकारली.

पुढे महाराष्ट्र दिनी झेंडा कोणी फडकवायचा यावरून दोघांचे बोलणे बंद झाले. शुक्रवारी सायंकाळी वीज गेली, तोवर अखंड चालू असलेला संगणक बंद पडला, आणि सुरू करताच पासवर्ड मागू लागला. अर्जदाराने दोघांचे पाय धरायचेच बाकी ठेवले आहेत. अध्यक्ष म्हणतात, "आधी त्यांना माफी मागू दे, मग मी खाली येतो." सचिव म्हणतात, "वहिनी, सिक्युरिटीचा मॅटर आहे, इमोशनल होऊ नका." आपापला अर्धा भाग तोंडपाठ असल्याचे दोघेही छाती फुगवून सांगतात. सासऱ्यांना स्वतःचे नाव सांगता येत नाही.

ते रिक्षात बसले की पायी गेले, स्टेशनकडे वळले की उलट, एवढेच बघायचे आहे. अर्जदाराचे पती नंदाखालपासून कळंबच्या किनाऱ्यापर्यंत फिरून आले. आता कुठे शोधावे, ते कळत नाही. अर्जदारास फार भीती वाटते.

तरी उभयतांना आजच बसवावे. एकमेकांचे तोंड बघवत नसल्यास डोळे मिटून टाइप करावे. अर्जदारासही त्यांची तोंडे बघण्याची हौस नाही.

आपल्या आदेशाकडे डोळे लावून बसलेली,
आपली नम्र,
(सौ. क्षितिजा नीलेश चुरी)
दि. ९ जून २०२५

सोबत :
१. पोलीस तक्रारीची प्रत.
२. सासऱ्यांचे छायाचित्र. (त्यातील शर्ट विचारात घेऊ नये. शुक्रवारी त्यांच्या अंगात कोणता होता, ते घरातल्या कोणीही पाहिलेले नाही.)