गाडीतली तुमची जागा

अहो,

नमस्कार घ्या, पण मी भयंकर चिडले आहे.

सुखरूप पोचलो. लॉज तळ्याला लागूनच आहे, झाडं नुसती पिवळीधमक झालीत, बघून जीव हरखला. पण वाटेत धाकटी नात बोलून गेली, "आजी, गाडीत जागा नव्हती ना, म्हणून बाबानेच आजोबांना सांगितलं, गुडघे दुखतात म्हणा."

आणि तुम्ही म्हणालात! मी वेडी निघण्याआधी दोन दिवस तुमच्या गुडघ्यांना तेल चोळत बसले. तुमच्या जागेवर काय होतं, ठाऊक आहे? घडीच्या खुर्च्या आणि मासे धरायचा गळ. मासा एकही मिळाला नाही.

लेकाला झापलं, तर म्हणतो, "आई, झालं ते झालं."

म्हटलं, "झालं कसं? चार तासांचा तर रस्ता, जा आणि घेऊन ये."

म्हणून हे पत्र त्याच्याच हाती देते आहे. त्याच्यासमोर मोठ्याने वाचा. जेवताय ना नीट, की नुसता चहा? गॅस बंद करा, जाड स्वेटर घाला आणि पुढच्या सीटवर बसा.

इथे गाडीतून तुम्ही उतरला नाहीत, तर मी त्याच गाडीने परत येईन.

तुमचीच,
फाटकाशी उभी असलेली