मशीन तयार आहे, खेळ नाही

प्रिय भिंगरी,

पत्र बघून दचकू नकोस, घरी सगळं ठीक आहे. फोनवर तू मला धड बोलू देत नाहीस, मधेच माझ्या गोळ्यांची चौकशी सुरू करतेस आणि मूळ विषय राहून जातो. म्हणून कागद घेऊन बसलोय. अक्षर लागलं नाही तर आईला फोन कर, तिला माझं अक्षर वाचायची सवय आहे.

मी दमलोय गं. रविवारभर लोळलो तरी सोमवारी पाय तितकेच जड. ऑफिसात सगळ्यांचीच ही गत आहे. व्हिडिओ गेम खेळायची लागोपाठ दोन मशीन बाजारात आपटली म्हटल्यावर माणसं एकमेकांशी हळू आवाजात बोलायला लागतात. मागचं मशीन तर तुला माहीतच आहे. ताकद अफाट, किंमत त्याहून अफाट, आणि आतली रचना इतकी वाकडी की तुझ्यासारख्या खेळ बनवणाऱ्यांनी डोक्याला हात लावला. सुट्टीला घरी आलीस की जेवताना तू त्या मशीनच्या नावाने बोटं मोडायचीस आणि मी मान खाली घालून ताटातलं संपवायचो. पण ऐकत होतो बरं का, सगळं. नवीन मशीनच्या पहिल्याच बैठकीत मी सांगून टाकलं, की ताकदीची शर्यत आपण हरलोय, ती सोडा. स्वस्त करू, आवाज न करणारं करू, आणि दोन-चार पोरींनी भाड्याच्या खोलीत बसून खेळ बनवला तरी तो आपल्या मशीनवर कुणाच्या विनवण्या न करता चालला पाहिजे. विक्रीवाले हसले. साहेब मात्र हसले नाहीत, आणि काम सुरू झालं.

आता ते तयार आहे. चाचणीसाठी एक घरी आणून टीव्हीखाली ठेवलं होतं. मागच्याचा पंखा सुरू झाला की तुझी आई स्वयंपाकघरातून ओरडायची, मिक्सर कुणी लावला म्हणून. या वेळी मी खेळत बसलो आणि ती शेजारी सोफ्यावर घोरायला लागली. प्रयोगशाळेने दिलेला आवाजाच्या चाचणीचा कागद मी नीट वाचलासुद्धा नाही. तिला उठवून म्हटलं, पास झालं गं आपलं मशीन. ती म्हणाली, मग आता तरी झोपू दे.

पण नुसत्या मशीनला कोण विचारतं? दुकानात माणूस पहिलं हेच विचारतो की यावर खेळायला काय आहे. मोठ्या कंपन्या म्हणतात, आधी विकून दाखवा, मग खेळ देतो. गिऱ्हाईक म्हणतं, आधी खेळ दाखवा, मग घेतो. आणि आम्ही मधे लटकलेलो. संचालकांनी स्पष्ट सांगितलंय, लोकांना हवा असलेला आणि फक्त आपल्याच मशीनवर चालणारा एक तरी खेळ महिनाअखेरीस हातात नसेल, तर गाशा गुंडाळा. साहेबांचे केस या वर्षात पार पिकले. माणूस वाईट नाही. कारखान्यात इतकी माणसं आहेत, त्यांच्याकडे बघून त्याला झोप लागत नसणार.

तुझा खेळ माझ्या डोक्यात येतच नव्हता असं म्हटलं तर तू मला खोटारडा म्हणशील. येत होता. लॉण्ड्रीच्या वरची तुमची ती खोली, भिंतीला आलेली ओल, एक हात तुटलेली खुर्ची, आणि त्यात पडद्यावर तुमच्या खेळातली ती म्हातारी नावाडीण. तू मला खेळायला बसवलंस आणि मी पहिल्याच धक्क्याला नाव माणसांसकट बुडवली. तुझ्या मैत्रिणी तोंड लपवून हसत होत्या, तू तर उघडच हसलीस. चार वर्षं राबलात तुम्ही त्यावर. लोक वाट बघतायत, सगळ्या कंपन्यांच्या मशीनवर येणार म्हणून. आमच्या कॅन्टीनमधला पोऱ्यासुद्धा मला विचारतो, काका, कधी येतोय? तेव्हा मी उगाच छाती फुगवतो. पण मागायचं मनात आलं की जीभ उचलत नव्हती.

काल साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं, दार लावलं आणि मला चक्क मिठी मारली. तू हो म्हणालीस म्हणे. खेळ फक्त आमच्या मशीनवर, दुसरीकडे कुठेही नाही. अट एकच, बाबाला कळता कामा नये. साहेबांच्या पोटात काही राहत नाही, हे तुला कोण सांगणार! मी हसलो, आभार मानले, बाहेर आलो आणि जिन्यात बसून राहिलो. आनंद झाला नाही गं. भीती वाटली. आणि मग खूप राग आला, तुझा.

त्या करारावर सही करू नकोस. तेवढं सांगायलाच हे लिहितोय. ऑफिसात कुणाला बोललो नाही ते तुला सांगतो, हे मशीन चालेल की नाही मला ठाऊक नाही. चांगलं झालंय, पण चांगली मशीनसुद्धा बुडताना मी पाहिलीत. हे बुडालं तर तुझी नावाडीण त्याच्याबरोबर जाईल, तुझ्या मैत्रिणींची चार वर्षं जातील, आणि बाबाची नोकरी वाचावी म्हणून गेली हे त्या तुला कधी बोलणारही नाहीत. आज सकाळी साहेबांना हेच सांगून आलो. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, आणि त्यांचं चुकलं असं मला वाटत नाही. द्यायचाच असेल तर सगळ्यांना देतेस तसा आम्हालाही दे, आम्ही रांगेत उभे राहू. माझं मशीन बंद पडलं तर मी घरी बसेन, आईची बोलणी खाईन आणि तुझा खेळ दुसऱ्या कुणाच्या मशीनवर खेळेन. पण माझ्यापायी तुझा खेळ बुडाला, तर तू घरी आल्यावर तुझ्यासमोर जेवायला कसा बसू?

तुझाच,
अजून तरी नोकरीवर असलेला
बाबा