पुलापाशी मोजलेलं पाणी

३ एप्रिल, सोमवार

पुन्हा तेच! तलावातून केंद्रात येणारं पाणी एकतीस अंश, कालव्यातून परत तलावात जाणारं साडेचाळीस. फरक साडेनऊ. नियम सातचा.

कागद साहेबांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी तो उचललाही नाही. म्हणाले, "मॅडम, तुम्ही अगदी कालव्याच्या तोंडाशी थर्मामीटर धरता. जरा पुढे जा की! पुलापाशी मोजा. पाणी मिसळू दे जरा."

पूल तिथून चारशे पावलं पुढे, तलावावर. तिथे फरक कमी भरेल — भरणारच! वीस वर्षं या वीज केंद्राच्या प्रयोगशाळेत घालवली आणि आज मला थर्मामीटर कुठे धरायचा ते शिकवतात.

४ एप्रिल, मंगळवार

पुलापाशी मोजलं. पाच पूर्णांक आठ. फॉर्मवर छापलेलं आहे — 'मोजण्याची जागा : कालव्याचं तोंड'. ते खोडलं नाही. खाली सही केली.

१२ एप्रिल, बुधवार

दुपारी दोनला चारही संच पूर्ण ताकदीवर. शहराला उकडतं म्हणून शहर एसी लावतं. एसीला वीज हवी म्हणून आम्ही कोळसा ओततो. त्या कोळशाच्या उष्णतेतला जेमतेम तिसरा हिस्सा तारेत जातो. उरलेले दोन हिस्से पाण्यात आणि चिमणीवाटे आभाळात. धुरासोबत जो वायू जातो तो वरच ठाण मांडून बसतो आणि पुढचा उन्हाळा आणखी तापवतो. मग आणखी एसी! हे सगळं मी कॉलेजात शिकले तेव्हा आकृती काढून दहापैकी नऊ मार्क मिळाले होते. आता त्याच आकृतीत पगार घेऊन बसले आहे.

साहेबांच्या केबिनमध्ये अठरा अंश. मागे भिंतीवर पोस्टर — 'वीज वाचवा'. साहेबांना आम्ही थंडोबा म्हणतो. आज बाहेर चव्वेचाळीस होतं आणि थंडोबा स्वेटर घालून बसले होते!

२१ एप्रिल, शुक्रवार

दादाकडे जेवायला गेले. तलावाच्या पलीकडच्या काठावर त्याचं घर, दाराशीच होडी. बाबा गेले तेव्हा तो सातवीत होता. शाळा सोडून त्याने जाळं हातात घेतलं आणि मला शिकवलं. हे त्याने आजवर एकदाही बोलून दाखवलेलं नाही. म्हणूनच जास्त टोचतं.

म्हणाला, "मासा खोल गेलाय. जाळं हलकं येतंय. पण उन्हाळाच तसा आहे यंदा." मग ताटाकडे बघतच, "तू पाणी मोजतेस तिथे, म्हणून मला घोर नाही."

घास तोंडातच फिरत राहिला. वहिनी म्हणाली, "काय गं, खारट झालं का?"

हो म्हणाले. खारट नव्हतं.

९ मे, मंगळवार

मेले.

सकाळी पूर्वेचा सगळा काठ पांढरा दिसत होता. आधी वाटलं फेस आहे. जवळ गेले तर पोटं वर करून पडलेले मासे. बोटाएवढे, हाताएवढे, आणि ते मोठाले जुने, ज्यांना दादा 'आजोबा' म्हणतो आणि जाळ्यात आले तरी सोडून देतो. काठावर बायका नाकाला पदर लावून उभ्या होत्या. कोणी रडत नव्हतं. मीही नाही. मी बाटलीत नमुना घेतला. दुसरं येतंय काय मला!

पाण्यात विरघळलेला प्राणवायू लिटरला एक पूर्णांक चार मिलिग्रॅम. चारच्या खाली गेला की मासा धापा टाकतो. एक पूर्णांक चारला धापा टाकायलाही उरत नाही.

१० मे, बुधवार

दादा प्रयोगशाळेच्या फाटकाशी आला. चप्पल काढून उभा राहिला, जणू माझं ऑफिस म्हणजे देऊळ! म्हणाला, "काय झालं ते मला कळेल असं सांग."

सांगितलं. पाणी तापलं की त्यात हवा कमी मावते. आणि नेमका तेव्हाच माशाला श्वास जास्त लागतो. दोन्हीकडून कोंडी.

"आणि पाणी तापलं कशाने?"

"उन्हाळा आहे ना, दादा."

किती सहज निघालं तोंडातून! शी!

१६ मे, मंगळवार

चौकशी समिती येणार, सोमवारी. थंडोबांनी बोलावलं, चहा मागवला. वीस वर्षांत पहिल्यांदा.

"घाबरायचं काही नाही. रजिस्टर दाखवायचं, बस्स. सगळे आकडे नियमात आहेत."

मी म्हटलं, "ते पुलापाशीचे आहेत, सर. तुम्हीच सांगितलं होतंत."

"मी? लेखी आहे कुठे?" हसले. "सही तर तुमची आहे ना?"

चहा तसाच ठेवून उठले. एवढंच काय ते माझं शौर्य.

१८ मे, गुरुवार

ठरलं. समितीपुढे सगळं सांगायचं. नोकरी जाईल. कदाचित खटलाही होईल. होऊ दे. निदान हा कालवा तरी बंद होईल, पाणी थंड करूनच सोडा म्हणतील. आज बऱ्याच दिवसांनी भूक लागली.

२० मे, शनिवार

दादाला आधी सांगायला हवं होतं, दुसऱ्या कोणाकडून कळण्याआधी. गेले. तो जाळं विणत होता. मासा नाही तरी विणत होता. सगळं सांगितलं — पूल, फॉर्म, सही, आणि त्या दिवशी फाटकाशी बोललेलं खोटं.

ओरडेल असं वाटलं होतं. एक थोबाडीत देईल तर बरं, असंही वाटलं. त्याचे हात थांबले फक्त. मग विचारलं, "हे बाहेर आलं तर आधी कोण अडकणार?"

"मी. सही माझी आहे."

"आणि तुझे साहेब?"

"त्यांचं लेखी काही नाही."

"हं," म्हणाला आणि परत विणायला लागला. निघताना वहिनी दारापर्यंतही आली नाही.

२२ मे, सोमवार

समितीने आधी मच्छीमारांना बोलावलं. सगळ्यांच्या वतीने दादा उभा राहिला. म्हणाला, "ऊनच तसं होतं. असे मासे मरतात मधूनमधून. केंद्राच्या पाण्याचा काही संबंध नाही." मागे बसलेली त्याची माणसं त्याच्याकडे बघतच राहिली. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही.

अध्यक्षांनी मला विचारलं, "तुमच्या नोंदी हेच सांगतात?"

मी हो म्हणाले.