दंडाचं हाड

देवास,
नागपंचमीचा आदला दिवस, १९५६

प्रिय सुमंगला,

हे पत्र घेऊन तुझी मामी येते आहे. टपालाने ते वेळेत धारला पोहोचेल याचा भरवसा नाही, आणि मंगळवारी कोर्टात तुझी तारीख. मामीला आधी पाणी दे, प्रश्न मागाहून विचार. गेले आठ दिवस ती माझ्याशी बोललेली नाही. ताट वाढते, पण ‘आणखी घ्या’ म्हणत नाही. छत्तीस वर्षांच्या संसारात असं कधी झालं नव्हतं. का झालं, ते पुढे येईलच.

दंडाला तिळाचं तेल हलक्या हाताने लावत जा. कळशी इतक्यात उचलू नकोस. तुझ्या आईला सांग, पोर माहेरी आली म्हणजे तिला कामाला जुंपायचं नसतं. हे मी सांगावं म्हणजे अतिच झालं, ठाऊक आहे मला.

इथे उद्याच्या कुस्त्यांच्या दंगलीची धामधूम आहे. आखाड्याच्या हौद्यात हळद-ताक घातलेली माती तयार आहे. गदा खांद्यावर घेतलेल्या तुझ्या नवऱ्याची, गणोजीची चित्रं थेट धारपर्यंत चिकटवली आहेत, तुझ्या दारासमोरही असेल एखादं. फाडावंसं वाटलं तर खुशाल फाड. तू त्याच्यापासून वेगळं राहण्याचा अर्ज केलास, त्या दिवशी दंगल कमिटीचे गोपाळराव माझ्याकडे धावत आले. ‘भिया, एवढी दंगल हो जाने दो, मग बसून मिटवू. नवरा-बायकोत भांड्याला भांडं लागतंच.’ तुझा हात कसा आहे, एवढं विचारायचं मात्र एकालाही सुचलं नाही. गणोजी उतरला नाही तर पंजाबचा पहिलवान फुकट जिंकेल, याचीच प्रत्येकाला काळजी.

त्यांना तरी काय बोलू? आखाड्याच्या मागे बिडी ओढली म्हणून मी मोरोपंतांच्या मुलाला हाकलून दिलं होतं, दोन वर्षं पायरी चढू दिली नाही. सरदारपूरच्या मास्तरांचं स्थळ तुला सांगून आलं, तेव्हा तुझ्या बापाला मीच म्हणालो, ते सोडा, गणोजी लंगोटाचा पक्का आहे, सुपारीचं खांड तोंडात घालत नाही, पहाटे चारला उठतो, आणखी काय हवं? पोराची पारख आम्ही वस्ताद अशीच करतो. घरात तो कसा वागेल, हे मी विचारलं नाही. मला ते विचारायचं असतं हेच माहीत नव्हतं. ही चूक माझी, आणि तिचे वळ तुझ्या अंगावर उठले.

तू तीनदा माझ्याकडे आलीस. एकदा बोट, एकदा खांदा, आणि या वैशाखात दंड. गावची हाडं मीच बसवतो, तुझीही बसवली. तू म्हणालीस, विहिरीच्या पायरीवरून पडले. मी म्हणालो, सांभाळून चालत जा. सुमे, पडणारा माणूस हात टेकतो, त्याचं मनगट मोडतं. तुझं दंडाचं हाड पिळून मोडलं होतं. हात पाठीमागे नेऊन, कोपर अडकवून वर उचलायचा पेच आहे, तो गणोजीला मीच शिकवला. बोट लावताक्षणी मला कळलं. तुझ्या डोळ्यांत बघायचं मी टाळलं आणि पट्टी आवळली.

लोक म्हणतात, गडी तापट आहे, त्याला आपल्या ताकदीचा अंदाज येत नाही. साफ खोटं. बारा वर्षं तो माझ्या डोळ्यांसमोर लढला. तोच पेच त्याने मातीत शंभरदा धरला असेल. समोरचा कळवळला की हाड तुटायच्या बोटभर अलीकडे तो थांबतो. आजवर एकाचाही हात त्याने मोडलेला नाही. कुठे थांबायचं ते त्याला पक्कं ठाऊक आहे. घरात तो थांबला नाही, कारण त्याला थांबायचं नव्हतं.

आता ज्यासाठी पत्र लिहायला घेतलं ते. मंगळवारी त्याचा वकील हाडवैद्याचा एक कागद पुढे करील: सुमंगलाचा हात विहिरीच्या पायरीवरून पडून मोडला. खाली सही माझी आहे. गोपाळरावांनी कागद लिहून आणला, मी दोन ओळी वाचल्या आणि सही केली. मामी दारात उभी होती. तिने पाहिलं, आणि तेव्हापासून ती गप्प आहे.

उद्या गणोजीला हौद्यात उतरवायला मी जाणार नाही. मंगळवारी धारला येईन, जज्जसाहेबांपुढे उभा राहून सांगेन की तो कागद खोटा आहे. येईनच. पण सुमे, तू माझ्या येण्यावर विसंबू नकोस. एकदा पाठ फिरवलेला माणूस मी. उद्या गाव दारात येईल, गणोजी पाय धरील, रडेल. पोरासारखा वाढवलाय त्याला, माझं मन पुन्हा फिरेल याची मला भीती वाटते. म्हणून आज, मन ताळ्यावर आहे तोवर, हाड कसं मोडलं होतं ते सगळं वर लिहून दिलं आहे. खाली नावगावासकट सही करतो. हे पत्र उशाशी ठेवू नकोस, आजच तुझ्या वकिलाच्या हातात दे. आणि मंगळवारी मी तिथे उभा राहून काही वेगळं बोलू लागलो, तर माझ्यासमोरच ते वाचायला लाव.

तुझाच मामा,
कृष्णराव, वस्ताद आणि हाडवैद्य, देवास