शिस्तप्रमुख आणि पुढचे दोन दात

१ मार्च, रविवार

आजपासून रोजनिशी. इतिहास घडत असताना कुणीतरी लिहून ठेवायला हवा, आणि आमच्या रायडिंग क्लबात तेवढ्या योग्यतेचा माणूस दुसरा नाही.

सकाळची राइड. दोन रांगा, कडक शिस्त, सगळ्यांत मागे मी. (शिस्तप्रमुख मागेच असतो. गाडी जुनी झाली म्हणून नव्हे.) पूल ओलांडताना पलीकडच्या शोरूमचा क्लब घुसला. त्यांच्या अध्यक्षाने, म्हणजे दाढीवाल्याने, ओव्हरटेक करताना कोपराने माझा आरसा उडवला. सिग्नलला मी त्याला गाठलं. त्याने माझी कॉलर धरून मला गाडीवरून अर्धं वर उचललं. मी उचलू दिलं. समोरच्याची ताकद आधी मापून घ्यावी लागते.

संकल्प: याचे दात घशात घालणे. माझी कवळ्या बनवायची लॅब आहे. एवढी वर्षं लोकांचे दात बसवले, आता पाडून बघू.

३ मार्च, मंगळवार

तयारी सुरू. लॅबमधलं प्लास्टरचं पोतं हुकाला टांगलं आणि दाढीवाला समजून ठोसा मारला. पोत्याला ओल लागून आत दगड झाला होता. मनगट सुजलं. प्लास्टर पुरवणाऱ्याला फोनवर झाडला.

हिने बर्फ लावला आणि विचारलं, पोत्याने काय वाकडं केलं होतं. या बाईला क्लब कळत नाही.

७ मार्च, शनिवार

मोठी बातमी. आमच्या शेठनी पुलापलीकडचं शोरूमही विकत घेतलं. शेठ म्हणजे आमच्या शोरूमचे मालक, क्लबचे मायबाप. जॅकेटच्या पाठीवर क्लबच्या चिन्हाखाली त्यांच्याच शोरूमच्या नावाची पट्टी असते, ती नसली तर क्लब नाही. आणि कंपनीचा नियम असा की एका डीलरमागे एकच क्लब. म्हणजे दोन्ही क्लब मिळून एकच होणार आणि त्याचा अध्यक्ष शेठ नेमणार. २९ तारखेला, शोरूमच्या वाढदिवशी.

हे मेव्हण्याकडून कळलं. मेव्हणा म्हणजे हिचा धाकटा भाऊ, आमच्या शोरूमच्या वर्कशॉपमध्ये फोरमन. त्याच्यामुळे मी क्लबात आलो असा त्याचा समज आहे. त्याचा सल्ला: महिनाभर कुणाच्या अंगावर जाऊ नका, हसतमुख राहा. बिचारा. शेठच्या बोलण्यातलं न बोललेलं ऐकायला कान लागतो. शेठना वाघ हवा आहे.

संकल्प: वाढदिवसाआधी दाढीवाल्याला लोळवणे. अध्यक्ष झाल्यावर मेव्हण्याला रांगेत पुढची जागा देणे.

१५ मार्च, रविवार

विजय.

हायवेवरच्या हॉटेलात आम्ही नाश्त्याला थांबलो होतो. मेव्हणाही आज मुद्दाम आला होता, सारखा दाराकडे बघत होता. तेवढ्यात दाढीवाला आत आला. एकटा. थेट माझ्याकडे, हात पुढे करून. तो हात कॉलरकडेच येत होता, दुसरीकडे कुठे जाणार? मी पट्ट्याला धरून हेल्मेट फिरवलं. खाडकन आवाज झाला. त्याचे वरचे पुढचे दोन दात फरशीवर, दाढी लालभडक.

दुसरा फेरा घेतला तेव्हा मेव्हणा मधे आला. तो फेरा त्याला बसला. कपाळ फुटलं. मी थांबणारच होतो, पण फिरवलेल्या हेल्मेटला वेग असतो, हे फोरमन माणसाला कळायला हवं.

मग वेटर आणि आचारी यांनी मला टेबलाखाली दाबून बडवलं. टेबल मोडलं. माझी एक बरगडीही.

मेव्हण्याला टाके पडले. हॉस्पिटलात तो माझ्याशी बोलला नाही, गुंगीचं औषध असेल. हीसुद्धा बोलली नाही. हिला कुणी काय दिलं होतं कळत नाही.

संध्याकाळी शेठचा फोन. एकच शब्द बोलले, शाब्बास. कसा बोलले ते लिहून दाखवता येत नाही, पण शब्द तोच.

१८ मार्च, बुधवार

दैव माझ्या बाजूने आहे. डेंटिस्टकडून आज एक साचा आला. वरचा जबडा, पुढचे दोन दात गायब. पेशंटचं नाव वाचायची गरज पडली नाही. माझं काम मी ओळखतो.

संकल्प: एक दात लांब, एक आखूड, दोन्ही पिवळे. मावळता अध्यक्ष म्हणून भाषणाला उभा राहिला की तोंडातून शिट्टी वाजली पाहिजे.

२० मार्च, शुक्रवार

दात पाठवले. पांढरे, सरळ. वाकडा बसवायला गेलो तर हात ऐकेना. बरगडी दुखत असताना वाकडं काम नीट होत नाही. शेजारच्या दातांना धरणाऱ्या तारा मात्र करकचून आवळल्या. टोचतील.

डेंटिस्टचा फोन आला. पेशंटला अगदी स्वतःचेच वाटतात म्हणे. मी फोन आपटला. काच गेली.

२२ मार्च, रविवार

निर्णायक हल्ल्यासाठी सगळ्या क्लबला सकाळी पुलावर बोलावलं होतं. एकटे आमच्या क्लबातले गणिताचे सर आले. स्कूटरवर. क्लबचा फर्स्ट एडचा डबा माझ्या ताब्यात द्यायला. बाकी सगळ्यांनी दाढीवाल्याकडे नावं दिली आहेत, असं म्हणाले. माझं डोकं फिरलं. सरांच्या स्कूटरला सणसणीत लाथ घातली. स्कूटर उभी राहिली, मी पडलो. गुडघा सोलला. डबा सरांनीच उघडला.

नंतर शांतपणे विचार केला. सगळे शत्रूच्या गोटात शिरलेत, म्हणजे आतून पोखरणार. गनिमी कावा आहे. शिस्तप्रमुखाला आधी सांगायची पद्धत आहे, एवढंच.

ही माहेरी गेली. भावाच्या टाक्यांची काळजी घ्यायला. टाके परवाच काढले, पण खरी काळजी त्यानंतर घ्यावी लागते.

२९ मार्च, रविवार

शोरूमचा वाढदिवस. जॅकेट घालून गेलो. वॉचमनने अडवलं. मी त्याचा हात पिरगाळला, त्याने माझा. शेवटी त्याच्या पायावर बूट मारून आत शिरलो. दोन चकचकीत गाड्या आडव्या पाडल्या. फुगे फुटले, एक बाई किंचाळली, शेठनी माइक खाली ठेवला.

स्टेजवर दाढीवाला. दाढी काढून आला होता, सगळ्यांना दात दिसावेत म्हणून. मला बघूनही तो हसला. ते हसू माझ्या टेबलावर तयार झालेलं होतं. अंगात होती नव्हती ती सगळी ताकद गोळा करून त्या हसण्यावर ठोसा हाणला.

दात हलले नाहीत.

माझी मूठ मोडली. हाडांचा आवाज मला ऐकू आला. मग त्याने एकच ठोसा दिला, आणि माझे पुढचे दोन दात, जन्मापासूनचे, स्टेजखाली गेले. उरलेलं वॉचमनने बाहेर नेऊन पूर्ण केलं.

तरी नोंद करून ठेवतो. त्या गोंधळात जागची न हललेली वस्तू एकच होती, आणि ती मी बनवलेली होती.

३१ मार्च, मंगळवार

उजवा हात प्लास्टरमध्ये. डाव्याने लिहितोय. डेंटिस्टकडे गेलो होतो. म्हणाला, कुणाला ओळखू येणार नाहीत असे दात बनवणारा माझ्या माहितीत एकच माणूस आहे, पण सध्या त्याचा हात मोडला आहे.

थांबायला सांगितलं आहे.

५ एप्रिल, रविवार

मेव्हणा आला होता. कपाळावर जाड खूण. शेठनी जॅकेटवरची पट्टी परत मागितली होती. मी म्हटलं, घेऊन जा. तो ब्लेड घेऊन खुर्चीत बसला आणि एकेक टाका उसवायला लागला. शेठ माझ्या पराक्रमाला कसे घाबरले ते मी त्याला समजावून सांगत होतो. त्याने मान वर केली नाही. अर्धी पट्टी सुटल्यावर बोलला.

"भाऊजी, अध्यक्ष तुम्हीच होणार होता. शेठनी नक्की केलं होतं. म्हणाले, हा माणूस नुसता बोलतो, हात कधी उचलत नाही, दोन्हीकडच्यांना हाच चालेल. तो पलीकडचा अध्यक्ष त्या दिवशी हॉटेलात तुमचं अभिनंदन करायला आला होता. मीच बोलावलं होतं त्याला."

मी त्याच्या कपाळाकडे बघितलं. तिथे मीच मारलं होतं, आणि हे इतकं सरळ मी आजवर कुठे लिहिलेलं नाही.

त्याने पट्टी घडी करून खिशात टाकली, दोऱ्याचे तुकडे वेचून कचऱ्यात टाकले. दारात थांबून विचारलं, जेवलात का. मी मान हलवली.

ही कधी येणार, एवढंच विचारायचं होतं. पण पुढचे दात नसले की 'कधी' नीट म्हणता येत नाही. म्हणून विचारलं नाही.