आवाज किती ठेवायचा

३ जानेवारी, मंगळवार
जुन्या टेलिफोन एक्स्चेंजचं संग्रहालय होतंय. त्यातले आवाज, पडदे आणि दिवे आजपासून माझ्याकडे. तिथल्या मुख्य बाईंनी दालन दाखवलं. दगडी फरशी, उंच छत, एका बाजूला ओळीनं खिडक्या. टाळी वाजवून पाहिली – बराच वेळ घुमत राहिली. बाईंना इथे चार फिल्म हव्यात, चारही एकाच वेळी, चारही मोठ्यांदा. म्हटलं, बाई, मग कुणालाच काही कळणार नाही, नुसता कालवा होईल. त्या काहीतरी पुटपुटल्या. पटलं नसावं.

५ जानेवारी
आराखडा केला. पडदा एकच, तोही ऊन न पडणाऱ्या भिंतीवर. बाकी भिंतींवर जुने रिसीव्हर टांगायचे. उचलला की त्या काळच्या ऑपरेटर बायकांचं बोलणं थेट कानात. ज्याला ऐकायचंय त्यानं उचलावा; दालन शांत.
स्वतःवरच खूश झालो. सांगायला कोणी नव्हतं. सकाळचंच गरम करून जेवलो.

८ जानेवारी, रविवार
ताईचा फोन. बोलते फार भरभर, त्यात हल्ली फोनवर आवाजही धड येत नाही. निम्मं ‘हो, हो’ म्हणून काढलं. शेवटी म्हणाली, “अरे, तू कधी येतोस ते विचारतेय मी. हो हो काय?”
कामाचं निमित्त सांगितलं. फोन ठेवल्यावर घर उगाचच मोठं वाटायला लागलं. दोन खोल्यांचं तर घर.

१६ जानेवारी
इलेक्ट्रिशियनबरोबर दिवसभर वायरी ओढल्या. हुशार माणूस आहे, तोंडाचा पट्टाही चालू. सकाळी एक बटण दाबलं की सगळं दालन जागं झालं पाहिजे, हे त्याला लगेच पटलं. दुपारी तो आणि त्याची माणसं चहा पीत हसत होती. मीही जाऊन उभा राहिलो. विनोद कळला नाही, तरी हसलो. बहुधा उशिरा हसलो, कारण ते माझ्याकडे बघायला लागले.

२५ जानेवारी
बाईंची लांबलचक फिल्म कापून तीन मिनिटांची केली. “फार निर्दय आहात हो तुम्ही.” म्हटलं, बाई, लोक उभ्यानं बघणार. पाय दुखतात लोकांचे.

२ फेब्रुवारी
एका निवृत्त ऑपरेटर आजींचं रेकॉर्डिंग घरी आणून ऐकत बसलो. त्या म्हणतात, “दिवसभर कोण कोणाशी बोलतंय ते आम्ही जोडून द्यायचो. आमच्याशी मात्र कोणी बोलायचं नाही.” आवाज वाढवून पुन्हा ऐकलं. मग आणखी वाढवून. घरात दुसऱ्या माणसाचा आवाज असला की बरं वाटतं.

९ फेब्रुवारी, गुरुवार
आज चाचणी. त्याच आजींना बोलावलं होतं. हौसेनं रिसीव्हर उचलून कानाला लावला आणि एकदम लांब धरला. “अगं बाई, केवढ्यानं! मी काय भांडत होते का?”
सगळे हसले. बाईंनी घेतला – त्याही दचकल्या. आवाज मीच लावला होता, मला तो बेताचा वाटला होता. इलेक्ट्रिशियननं तो निम्म्यावर आणला. सगळे म्हणाले, आता छान. माझ्या हातात दिला.
आजी जणू तोंडावर पांघरूण घेऊन बोलत होत्या. एक शब्द धड कळेना. मी मान डोलावली. “छान.”
वळलो तर सगळे माझ्याकडे बघत उभे. कोणीतरी मला काहीतरी विचारलं होतं. माझ्या पाठीमागून.

१० फेब्रुवारी
रजा टाकली. आयुष्यभर याच कानांवर पोट भरलं.

१४ फेब्रुवारी, मंगळवार
कानाच्या डॉक्टरबाई. काचेच्या खोलीत बसवलं, आवाज आला की बटण दाबा म्हणाल्या. मी मशीन सुरू व्हायची वाट बघत बसलो. ते कधीचंच सुरू होतं.
“दोन्ही कान गेलेत बरेच. हे काही एकाएकी झालेलं नाही. घरच्यांच्या लक्षात आलं नाही?”
म्हटलं, घरी मीच असतो.
कानातली यंत्रं करायला टाकली.

१५ फेब्रुवारी
मुख्य बाईंना सांगितलं. “हे आधी नाही का सांगायचं? उद्घाटन तोंडावर आलंय.” चिडल्या. आवाज आता दुसऱ्या माणसाकडून लावून घेणार. बरोबरच आहे त्यांचं. जिन्यात जाऊन बसलो. घरी निघून जावं, परत तोंड दाखवू नये, असं वाटत होतं.
मग पुन्हा वर गेलो. म्हटलं, प्रत्येक रिसीव्हरशेजारी एक छोटा पडदा लावू. बोलणं चालू असताना त्यावर तेच शब्द उमटतील. माझ्यासारखेही येतील ना बघायला. वेळ नाही म्हणत असाल तर लिहून मीच काढतो सगळं.
बाई खाली बघत गप्प होत्या. की बोलत होत्या? विचारलं, काही म्हणालात का? त्यांनी मान वर केली, आणि सावकाश, माझ्याकडे तोंड करून म्हणाल्या, “करा, म्हणाले मी.”

२६ फेब्रुवारी, रविवार
उद्घाटन झालं. गर्दी बरी होती. एक म्हातारे गृहस्थ रिसीव्हर न उचलता नुसते पडद्यासमोर उभे राहून वाचत होते. जिथे हसायला हवं तिथे बरोबर हसले. मी त्यांच्या शेजारी जाऊन उभा राहिलो. बोलावंसं वाटलं. सगळे पांगल्यावर चालतच घरी आलो.

१ मार्च, बुधवार
यंत्रं मिळाली. तशीच घालून घरी आलो. कुलूप काढताना पाठीमागून आवाज – “आलात का कामावरून?” समोरच्या दारातल्या वहिनी. म्हटलं, हो, आत्ताच येतोय.
त्या बघतच राहिल्या. मग घरात वळून, “अहो, ऐकलंत का? आज बोलले ते.” आणि मला म्हणाल्या, “रोज विचारते हो मी. आम्हाला वाटायचं, तुम्हाला आमच्याशी बोलायचंच नाही.”