नवऱ्याच्या नावाची वही

मु. दवाखाना, तालुका मेहकर
ता. ९ सप्टेंबर १९६४

तीर्थरूप दाजी वामनराव यांच्या पायांशी सहदेवचा दंडवत. मलकापुरात सारे खुशाल असालच. तुमच्या दम्याले उतार पडला का? माझं विचाराल तर जेवण जात नाही, बाकी बरा आहे.

दवाखान्यातली कारकुनी म्हणजे गाठी बांधणं आणि सोडणं. रोजचे रोग्यांचे कागद एका फडक्यात बांधायचे, वर तारीख टाकायची आणि बस्ता फळीवर ठेवायचा. कोणाले कोणता रोग, कोणाले कोणती सुई सोसत नाही, सारं आत लिहिलेलं. पण एक कागद पाहायचा तर शंभर बस्ते सोडा! म्हणून मी सहा महिने खपून एक वही केली. नाव आणि बस्त्याचा नंबर, बस. पुरुष आपल्या नावावर, बाया नवऱ्याच्या नावावर (सरकारी कागदात असंच असते, माझी अक्कल नव्हे). अर्ध्या मिनिटात कागद हाती! मी गावभर मिरवलो.

परवा तानाबाई आली, एकटी, पाय सडलेला. नवऱ्याचं नाव विचारलं तर पदर ओढून भिंतीकडे पाहू लागली. घ्या! बाया नवऱ्याचं नाव घेत नाहीत, हे वऱ्हाडात जन्मून मले सहा महिन्यांत सुचलं नाही. (आजवर प्रत्येकीसोबत सासू नाहीतर शेजारीण असे, तीच सांगे.) विनवलं, दटावलं. ती म्हणे, "भाऊ, त्यायचं नाव कसं घेऊ? तुमीच वळखा." ओळखतो काय डोंबल! आधी कधी आली होतीस? तर, तुरी निघाल्या तेव्हा. म्हणजे महिनाभराचे बस्ते. तीन सोडून झाले, तेवढ्यात डॉक्टरसाहेबांनी घाईत पेनिसिलीनची सुई टोचलीसुद्धा.

घटकेत बाईचा श्वास कोंडला. तेव्हा तिनं नाव घेतलं. शेषरावले बोलवा, म्हणाली. मी वही उघडली आणि अर्ध्या मिनिटात कागद हाती आला. लाल शाईत लिहिलं होतं, पेनिसिलीन देऊ नये. वही बिनचूक चालली, दाजी. बाई गेली.

तुमचा,
सहदेव

ता. क. आक्का बाळंतपणाले इकडे येणार. निघायच्या आधी तिच्याकडून तुमचं नाव दहा वेळा म्हणून घ्या. उखाण्यात नको, सरळ. लाजली तर रागवा.

आणखी ता. क. डॉक्टरसाहेब घाईत होते असं वर लिहिलं, ते खोटं आहे. त्यांनी खिडकीतून दोनदा विचारलं, बाईचा जुना कागद आहे का? वहीची फजिती कशी सांगावी, म्हणून मी म्हटलं, बाई नवीन आहे. हे अजून कोणाले माहीत नाही. सोमवारी चौकशीत माझा जबाब आहे. काहीही करून या आणि माझ्यासमोर बसा. तुम्ही समोर असले तर माझ्यानं खोटं बोलवणार नाही.